दुष्फेन

गुढीपाडवा झाला की नागपुरात कूलर निघतात. माळ्यावरून, जिन्याखालून, गच्चीवरच्या ताडपत्रीतून. आमचा बारा महिने गॅलरीतच असतो, जुन्या चादरीत गुंडाळलेला. यंदा चादर सोडली तर तिन्ही बाजूंचं गवत पांढरं पडून पापडासारखं कडक झालेलं आणि टपाच्या कडेला बोटभर रुंद खपली. नखाने निघेना. सरबताला पिळून झालेलं अर्धं लिंबू हातात होतं, ते तसंच घासलं. बारीक आवाज आला, चुर्र, आणि खपलीवर फेस धरला. मी कान जवळ नेला.

"काय ऐकून राहिली?" नवऱ्याने विचारलं.

"कार्बोनेट आहे."

"बरं," म्हणाला आणि पंप तपासायला लागला.

त्या आवाजाला आमच्या जर्नलमध्ये 'ब्रिस्क इफर्व्हेसन्स' म्हणत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी हे दोन शब्द मी निदान तीस-चाळीस वेळा लिहिले असतील. दिलेल्या क्षारावर सौम्य हायड्रोक्लोरिक टाका, फसफसलं तर कार्बोनेट. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडा, निवळी दुधाळ झाली की खात्री. निवळीकडे बघायच्या आधीच 'टर्न्स मिल्की' लिहून झालेलं असायचं. फेस असा कान लावून ऐकावा असं काही आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

१९९५ चा जुलै. महालातल्या घरातून सायकल काढायची. बडकस चौक, कॉटन मार्केट, लोहापूल, की आली बर्डी, म्हणजे सीताबर्डी. लोहापुलाखाली पावसात गुडघाभर पाणी साचायचं. प्रॅक्टिकलच्या दिवशी ॲप्रन कॅरिअरला लावलेला असे, तो पहिल्याच महिन्यात त्या पाण्यात पडला. आईने तीनदा धुतला, तरी वर्षभर त्याच्या पाठीवर लोहापुलाचा नकाशा राहिला.

लॅब म्हणजे उंच छताचा लांबलचक हॉल. काळ्या पृष्ठाची टेबलं, मधोमध लाकडी रॅकवर बाटल्यांची रांग, टोकाला सिंक, आणि सिंकच्या नळाला कायम बांधलेली एक चिंधी. पहिल्या दिवशी सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. काच फुटली की ब्रेकेजच्या वहीत नाव आणि वर्षाच्या शेवटी डिपॉझिटमधून पैसे वजा. दुसरी, ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या खुणांच्या लांब काचनळीत, जे द्रावण भरायचं त्यानेच ती आधी विसळायची, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली.

दुसरीचं कारण सरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ब्युरेटमध्ये आधीचे चार थेंब पाणी राहिलं तर वरून भरलेलं द्रावण तेवढं पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. उलट फ्लास्क द्रावणाने विसळला तर पिपेट या मापाच्या काचनळीने मोजून टाकल्यापेक्षा जास्त माल आत राहतो. हे मला कळलं ते डिसेंबरात. तोवर मी ब्युरेट नळाखाली धरून चकचकीत धूत असे आणि नंतर आपली रीडिंगं सरकतात कशी म्हणून हैराण होत असे.

पिपेट तेव्हा तोंडानेच ओढायची. रबरी फुगा असतो हे पुस्तकातल्या चित्रात होतं. द्रावण खुणेच्या वर आलं की तोंड काढून झटकन तर्जनी टोकावर ठेवायची. अंगठा ठेवणारा लगेच ओळखू यायचा, त्याच्या पायाशी थारोळं असायचं. बोट ओलं असलं तर द्रावण निसटतं. मग बोट जरासंच सैल करून पातळी खुणेवर आणायची, आणि फ्लास्कमध्ये सोडताना टोकाशी उरलेला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, कारण तो हिशेबात आधीच वगळलेला असतो. हे सगळं दहा मिलिलिटरसाठी. पहिल्या खेपेला माझ्या पिपेटचं टोक द्रावणातून वर आलं, हवा ओढली गेली आणि ऑक्झॅलिक आम्ल तोंडात. आंबट तर होतंच, पण पालक खाल्ल्यावर दात जसे खरखरीत लागतात तसे लागले, दहापट. लॅबवाले काका मागेच उभे होते.

"थुंक. कुल्ला कर, चांगला चार-पाच वेळा." मग जरा थांबून, "अन् घरी सांगू नको."

माझी पार्टनर भंडारा जिल्ह्यातली होती. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकलेली. तिथे लॅब होती, पण तिला कुलूप होतं. अकरावी-बारावीची प्रॅक्टिकलं फळ्यावर झाली आणि जर्नल एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने उतरवलं. तिने आयुष्यात ब्युरेट पहिल्यांदा हातात धरली ती आमच्या टेबलावर, आणि अशी धरली की जणू कुणाचं तान्हं बाळ थोडा वेळ सांभाळायला मिळालंय. पहिल्याच आठवड्यात तिने मोठ्याने विचारलं, "सर, हे चंचुपात्र कुठं ठेवू?"

बॅच हसली. मीही हसले, दहावीपर्यंत मराठी माध्यमातच शिकलेली असून. दोन वर्षांत चंचुपात्राचा बीकर आणि परीक्षानळीची टेस्ट ट्यूब करून बसले होते आणि जुने शब्द गावाकडच्या नातेवाइकांसारखे कुणाला दिसू नयेत असं वाटत होतं.

सर हसले नाहीत. "चंचू म्हणजे चोच. ओतायला चोच आहे म्हणून चंचुपात्र. तुम्हाला बीकर म्हणून काय कळलं?" कुणी काही बोललं नाही. "तिथे खिडकीशी ठेव," ते तिला म्हणाले.

आता सी.बी.आर. विषयी. महाराष्ट्रात सायन्स शिकलेल्या माणसाला ही तीन अक्षरं ऐकली की अजून पोटात थोडं हलतं. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. टायट्रेशन, म्हणजे फ्लास्कमधल्या द्रावणात ब्युरेटमधलं थेंबाथेंबाने सोडत ते नेमकं किती लागलं हे मोजणं, तीनदा करायचं, तिन्ही रीडिंगं सारखी यायला हवीत, म्हणजे तुमचा हात स्थिर. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की तिन्ही रीडिंगं किती यायला हवीत हे आम्हाला ती घेण्याआधीच ठाऊक असायचं.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचा तो प्रयोग मला अजून हातांसकट आठवतो. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक, त्यात सौम्य सल्फ्युरिक, मग ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं. फ्लास्कची मान हाताला सोसवेना झाली की आमचे सत्तर अंश झाले. वरून परमँगनेटचा पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. मी ओरडले, "झालं!" एका थेंबात. काकांनी नुसती मान हलवली. बघत राहिलं तर तो रंग सावकाश मावळतो, जाऊ की नको करत. दुसरा थेंब जरा लवकर जातो, आणि पाच-सहा थेंबांनंतर रंग पडता पडताच नाहीसा व्हायला लागतो. या अभिक्रियेत मँगनीजचे जे आयन तयार होतात तेच पुढच्या अभिक्रियेला घाई करतात. म्हणजे सुरुवात रखडते ती मदतनीस अजून जन्मलेला नसतो म्हणून. शेवटी एक थेंब असा येतो की फिका गुलाबी रंग फ्लास्कभर पसरतो आणि जातच नाही. तिथे थांबायचं. शेवट दाखवायला वेगळा इंडिकेटर लागत नाही, परमँगनेट स्वतःच सांगतं.

माझी रीडिंगं आली ९.६, १०.४ आणि ९.९. बाजूच्या टेबलावरचा मुलगा, ज्याच्याकडे त्याच्या मोठ्या भावाचं जर्नल होतं, म्हणाला, "दहा येतं. दहा, दहा, दहा लिही." दोन्ही द्रावणं सारख्याच तीव्रतेची, ०.१ नॉर्मल, पिपेट दहाची, म्हणजे दहाच येणार, हे गणित मलाही येत होतं. मी पेनने लिहिलं. इनिशियल शून्य, फायनल दहा, फरक दहा. तीनदा.

सरांनी सही करताना पान जरा वेळ धरून ठेवलं. "तिन्ही दहा?"

"हो सर."

"माझी कधी आली नाहीत." आणि सही केली.

त्या सहीचा मला राग आहे, इतक्या वर्षांनीही. रागवायला हवं होतं त्यांनी, पान फाडायला हवं होतं. पण त्यांच्याही बाजूने बघते तेव्हा दिसतं की वीस पोरं, तीन तास, दोन तराजू. एका तराजूवर चिमट्याने वजनं ठेवत ऑक्झॅलिकचे ०.६३ ग्रॅम जोखायला नवशिक्याला पाऊण तास लागतो, आणि मागे नऊ जण उभे असतात. उरलेल्या वेळात तीनदा टायट्रेशन, गणित, आकृती, सही. जो खरोखर सगळं करत बसेल तो सहा वाजेपर्यंत सुटणार नाही, आणि त्याचं उत्तर ९.७ आलं तर त्याला मार्क कमी. अशा व्यवस्थेत पहिलं कौशल्य जे पक्कं होतं ते उत्तरापासून मागे चालत येण्याचं. ते मला फार लवकर जमलं. पार्टनरला जमेना. ती ९.६ च्या पुढे ९.६ च लिहायची आणि मार्क कमी घ्यायची. मला ती भोळी वाटायची.

क्षारांचं ॲनालिसिस हा दुसरा खेळ. चिमूटभर पूड मिळते, तिच्यातला धन आणि ऋण आयन ओळखायचा. पहिल्या गटाला हायड्रोक्लोरिक, दुसऱ्याला आम्लात हायड्रोजन सल्फाइड, तिसऱ्याला अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया, असं एकेका गटाला खाली बसवत जायचं. गटागटाने चाळण लावायची ही पद्धत बसवली फ्रेझेनियस नावाच्या जर्मन रसायनज्ञाने, १८४१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो लीबिखच्या गीसेनच्या प्रयोगशाळेत काम केलेला माणूस. विद्यार्थ्याने नुसतं व्याख्यान ऐकू नये, स्वतः हाताने करावं, ही आज साधी वाटणारी गोष्ट रुजली ती मुख्यतः तिथे. आमच्या लॅबमध्ये मात्र ते सगळं असं चाले: पूड निळी, कॉपर. हिरवट, निकेल असेल. गुलाबी, कोबाल्ट. पांढरी असली की लोक मान खाली घालून सीनियरकडे जात. परीक्षेच्या दिवशी कुणाला कोणत्या बाटलीतलं दिलंय हे ज्याला ठाऊक, त्याची फार वट असायची.

तरी काही गोष्टी त्या घाईतही डोळ्यांत राहिल्या. निकेलच्या द्रावणात डीएमजी, म्हणजे डायमिथाइल ग्लायऑक्झाइम, टाकलं की येणारा तो लालभडक साका. परीक्षानळी तिरपी धरून काठाने तीव्र सल्फ्युरिक सोडलं की दोन थरांच्या मध्ये धरणारं नायट्रेटचं तपकिरी कडं. माझं दर वेळी मोडायचं, कारण कडं आलं का ते बघायला मी नळी हलवायचे. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब बोटांवर पडले ते मावसबहिणीच्या लग्नाआधी. पडले तेव्हा दिसले नाहीत, संध्याकाळी उन्हातून घरी आले तर बोटं काळी. मेंदीवालीने विचारलं, "ताई, आधीच काढली का?"

आणि वास. किप्स उपकरणात आयर्न सल्फाइडवर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे अंडी न खाणाऱ्या आमच्या घरात तर त्याला उपमाही नव्हती. आजी दारातच थांबवायची. "आधी मोरीत जा. मग बोल." सुतकातून आल्यासारखी मी मागच्या दाराने आत जायचे. हा वायू गमतीचा नाही हे नंतर वाचलं. हवेत अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. आमच्या हॉलचा एक्झॉस्ट पंखा तेव्हा अर्धा वेळ बंद असायचा.

जानेवारीत किप्स बिघडलं. तोटी अडकली, मुंबईहून दुसरं येईपर्यंत दोन-तीन आठवडे जाणार. सर फळ्यासमोर खडू हातात घेऊन थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला घरून पाणी आणा. अर्धा लिटर. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. संक्रांतीला गावी जाणाऱ्यांनी गावचं आणा." हा प्रयोग आमच्या अभ्यासक्रमात त्या वर्षी नव्हता. जर्नलमध्ये त्याला पान नव्हतं.

मी दोन बाटल्या नेल्या. एक नळाचं पाणी. आमच्याकडे तेव्हा कन्हान आणि पेंचचं यायचं. दुसरं आमच्या विहिरीचं. महालातल्या जुन्या घरांमध्ये अजून विहिरी आहेत, आमच्या मागच्या अंगणात होती. वापरायला, झाडांना, कूलरला. एकाने मस्ती म्हणून फुटाळा तलावाचं पाणी आणलं होतं, शेवाळासकट. एकाने बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड. पार्टनर तिळगुळाच्या डब्याबरोबर तिच्या वस्तीवरच्या हापशीचं पाणी घेऊन आली, सलाइनच्या रिकाम्या बाटलीत.

"हार्ड वॉटर म्हणजे काय?" सरांनी विचारलं. कुणीतरी इंग्रजीत व्याख्या म्हटली.

"दुष्फेन पाणी, सर," पार्टनर म्हणाली.

मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्कन हसलं. सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, मोठ्या अक्षरात. "फेन म्हणजे फेस. ज्याला फेस दुष्कर ते दुष्फेन. तुमच्या घरी काय म्हणतात?" खारं, जड, विहिरीचं, अशी उत्तरं आली. साबण त्यात फेसाळत नाही कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून साका करून टाकतं. बादलीच्या कडेला जो करडा चिकट थर बसतो तो हाच. टॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनज्ञाने साबणाचं द्रावण वापरूनच पाण्याचा कठीणपणा मोजायची पद्धत काढली होती. आम्ही जे करणार होतो ती पद्धत त्या मानाने ताजी, झुरिचच्या श्वार्झेनबाखने १९४० च्या दशकात बसवलेली. ईडीटीए नावाचं संयुग धातूच्या आयनाला सहा बाजूंनी पकडतं. अशा पकडीतून बनणाऱ्या संयुगाला 'किलेट' म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. सरांनी दोन्ही हातांची बोटं वाकवून नांगी करून दाखवली. त्यांना असं काही करताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

पन्नास मिली पाणी फ्लास्कमध्ये. अमोनियाचं बफर, म्हणजे सामू (पीएच) दहाच्या आसपास राहतो. एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरची मोहरीच्या दाण्याएवढी चिमूट. रंग आला वाइन रेड, असं सर म्हणाले. आमच्यापैकी कुणी वाइन पाहिली नव्हती. "जांभूळ सांडल्यासारखा," पार्टनर म्हणाली, आणि वहीत तेच लिहिलं. वरून ईडीटीए सोडत जायचं. बराच वेळ काही होत नाही. मग लालातली लाली ओसरायला लागते, मध्येच एक धड लाल नाही धड निळा नाही असा टप्पा येतो, तिथे घाई केली की गेलं. थेंब, हलव, थांब. थेंब, हलव, थांब. आणि एका थेंबाला सगळा फ्लास्क निळा, कपड्याला देतात त्या निळीसारखा. बॅटरीवाल्याच्या फ्लास्कमध्ये इंडिकेटर टाकताक्षणी निळं झालं. पकडायला आत काही नव्हतंच. तो हिरमुसला.

माझं नळाचं पाणी ५.८. विहिरीचं २४.६. ईडीटीए ०.०१ मोलर तीव्रतेचं असलं की त्याचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, असा सोपा हिशेब. पन्नास मिलीत २४.६ मिलिग्रॅम, लिटरला ४९२.

४९२ बरोबर आहे का, हे विचारायला मी बाजूच्या टेबलाकडे वळले आणि थांबले. त्याच्याकडे फुटाळा होता. मोठ्या भावाच्या जर्नलमध्ये आमची विहीर नव्हती. सरांनाही ठाऊक नव्हतं. त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं आमच्या विहिरीत किती आहे ते, आणि आता मला ठाऊक होतं. म्हणजे माझी ब्युरेट नीट विसळलेली असेल तर. मी ती रिकामी केली, ईडीटीएने दोनदा विसळली आणि पुन्हा केलं. २४.४. पुन्हा. २४.४. पहिलं रीडिंग खोडलं. वहीत माझ्या हातून झालेली ती पहिली खरी खाडाखोड. लिटरला ४८८.

पार्टनरचं चाललंच होतं. वीसच्या पुढे गेलं, पंचविसाच्या पुढे गेलं, तरी लालच. मी म्हटलं, "बफर जास्त पडलं असेल." ती काही बोलली नाही. ३१.२ ला निळं झालं. सर आले, बघितलं, म्हणाले, "परत कर." ३१.२. "बाटली धुतली होती?" "त्याच पाण्याने, तीनदा." "परत." ३१.२. मग सरांनी स्वतः बाह्या दुमडल्या आणि उरलेल्या पाण्यातून एकदा केलं. हॉलमध्ये बरेच जण आपलं सोडून बघायला आले होते. सरांचं ३१.२ आलं.

"एवढंच आहे मग," सर म्हणाले. लिटरला ६२४. ६०० ही वरची मर्यादा, तीही दुसरं पाणीच नसेल तर चालवून घ्यायची, असं त्यांनी सांगितलं. आजच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह आकडा २०० आहे आणि ती ६०० ची ओळ अजून तिथेच आहे.

ती वहीकडे बघत होती. मग मला म्हणाली, "आई डाळीचं पाणी नदीवरून आणते. हापशी दारात अन् ही बाई नदीवर जाते. आम्ही म्हणायचो उगाच दमते."

कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून जड पाण्यात डाळ शिजत नाही, बोटचेपी राहते. हे मी नंतर वाचलं. त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा मला फक्त आकडा सांगायचा होता. आजी तांदूळ निवडत होती.

"आजी, आपल्या विहिरीच्या पाण्यात लिटरला ४८८ मिलिग्रॅम आहे."

"काय?"

"चुन्यासारखं. म्हणून डाळ शिजत नाही त्यात."

"शिजत नाही हे मला लग्न होऊन आले त्या दिवसापासून ठाऊक आहे," आजी म्हणाली. "किती ते नव्हतं ठाऊक." आणि खडा काढून बाजूला टाकला. मग जरा वेळाने, "नळाचं किती?"

त्या दिवशी कॉलेजातून निघताना पार्टनरने सरांना विचारून वर्धा रोडवरच्या नीरीचा पत्ता वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला होता. पाण्याच्या आणि पर्यावरणाच्या संशोधनाची ती राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, आणि मी तिच्यासमोरून शेकडो वेळा गेले होते. तिने पुढे पत्र पाठवलं की नाही मला माहीत नाही. हापशी बरीच वर्षं तीच होती, एवढं माहीत आहे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. चाळीस अंश होऊन गेले होते. तापलेली अमोनियाची बाटली एकदम उघडली तर आतला दाब तोंडावर येतो, म्हणून काकांनी ती माठाखालच्या परातीतल्या पाण्यात उभी करून ठेवली होती, ओलं फडकं गुंडाळून. मोजमापी फ्लास्कवर २७ अंश असं कोरलेलं होतं, हॉलमध्ये त्या आकड्याला कुणी विचारत नव्हतं. मला परमँगनेटच आलं. ब्युरेट नीट विसळली, पिपेट नीट ओढली. रीडिंगं आली ९.७, ९.७, ९.७. आयुष्यातला माझा पहिला खराखुरा सी.बी.आर. मी उत्तरपत्रिकेत ९.९ लिहिलं. दहापासून तेवढंच दूर जायचा धीर झाला.

पार्टनरने तिचं आलं तेच लिहिलं. मार्क माझ्यापेक्षा चार कमी. एम.एस्सी. करून ती आता भंडारा जिल्ह्यातच ज्युनिअर कॉलेजला शिकवते.

लिंबाचा फेस विरल्यावर मी खपलीचा फोटो काढून तिला पाठवला. दिवसाला पन्नास लिटर पाणी उडवलं तर जुन्या विहिरीच्या हिशेबाने रोज पंचवीसेक ग्रॅम दगड कूलरमध्ये मागे राहतो, हेही लिहिलं. दुपारी तिचा फोन आला.

"बोअरचं आहे का?"

"हो. सोसायटीचं."

"किती आहे?"

"मोजलं नाही गं. आता कुठे मोजणार!"

"भाचा येऊन राहिला रविवारी नागपूरला. त्याच्याजवळ अर्धा लिटर दे. पोरांकडून करून घेते." मागे वर्गाचा गोंगाट ऐकू येत होता. "अन् बाटली आधी..."

"माहीत आहे."

"त्याच पाण्याने. तीनदा."

फोन खांद्याने कानाशी दाबून मी ओट्याखालून एक रिकामी बाटली काढली आणि गॅलरीतल्या नळाखाली धरली.